एका गळ्याला न पुरणारे गाणे

मराठी माणसाला वृंदगान ठाऊकच नव्हते, हे विधान आता इतके रुळले आहे की ते सिद्ध करण्याची कुणाला गरज वाटत नाही. संगीतावरच्या व्याख्यानात ते येते, शाळांच्या समूहगान स्पर्धेच्या प्रास्ताविकात येते, चांगल्या जाणकारांच्या गप्पांतही येते. त्याचा आशय थोडक्यात असा : आपले संगीत रागाचे, म्हणून एका गळ्याचे. एकाच वेळी निरनिराळे स्वर लावणाऱ्या आवाजांना त्यात जागा नाही. वृंदगान युरोपातल्या चर्चमध्ये वाढले, मिशनऱ्यांबरोबर इकडे आले आणि पुढे चळवळींनी व आकाशवाणीने ते लोकांपर्यंत नेले. काही जण याच्याही पुढे जातात. ज्या देशांत वृंदगान होते तिथल्या लोकांना एकत्र वागण्याची सवय लागली. आपल्याकडे ते नव्हते, म्हणून आपली मैफल एका गवयाभोवती आणि आपला समाज एका पुढाऱ्याभोवती गोळा होतो, असे ते म्हणतात.

मला यातले पहिले विधान चुकीचे वाटते आणि दुसरे अन्यायाचे. दोन्हींचे खंडन करायला मी नंदुरबार जिल्हा घेतो. हा जिल्हा १ जुलै १९९८ रोजी धुळ्यातून वेगळा झाला. २०११ च्या जनगणनेनुसार इथली सुमारे ६९ टक्के लोकसंख्या अनुसूचित जमातींची आहे. महाराष्ट्राच्या संगीताचा इतिहास लिहिताना या जिल्ह्याचे नाव सहसा येत नाही. पुण्या-मुंबईच्या मैफलींवरून सबंध महाराष्ट्राच्या गळ्याबद्दल निकाल दिला जातो, तेव्हा ज्यांना कुणी विचारलेच नाही अशांची साक्ष आधी काढायला हवी.

पूर्वपक्षात खरे पुष्कळ आहे, ते आधी सांगतो. स्वरलेखन समोर ठेवून चार भागांत गाणारा, संचालकाच्या हाताकडे पाहणारा वृंद आपल्याकडे युरोपातूनच आला. गोव्यात सोळाव्या शतकापासून चर्चच्या आश्रयाने मुलांना गायन शिकवले जाऊ लागले. त्या शिक्षणाच्या वातावरणातून पुढे मांडो हा दोन आवाजांत गायचा गानप्रकार कोंकणीत रुजला आणि तो अस्सल गोव्याचा झाला. विसाव्या शतकात इप्टा ही जननाट्याची चळवळ (१९४३) आली. १९५८ साली कलकत्त्यात रुमा गुहाठाकुरता यांचा कलकत्ता यूथ कॉयर सुरू झाला. मद्रासेत एम. बी. श्रीनिवासन यांनी तरुणांचा वृंद घडवला. आपल्याकडे १९४१ साली राष्ट्र सेवा दल आणि १९४४ साली लाल बावटा कलापथक उभे राहिले. संगीतकार वसंत देसाई यांनी तर शाळाशाळांतल्या हजारो मुलांना एका तालासुरात गायला लावले. चित्रपटांसाठी त्यांचे नाव घेतले जाते, पण मुलांच्या गळ्यांसाठी त्यांनी केलेली मेहनत विस्मरणात गेली आहे, याची मला खंत वाटते.

पण या यादीतले लाल बावटा कलापथक नीट पाहा. अमर शेख, अण्णा भाऊ साठे आणि द. ना. गवाणकर यांनी ज्या रीतीने हजारोंच्या सभा भारून टाकल्या, ती रीत त्यांनी चर्चकडून घेतली नव्हती. ती पोवाड्याची आणि तमाशाची होती. पोवाड्यात शाहीर कडवे म्हणतो, झीलकरी त्याचा शेवट उचलून वरच्या स्वरात नेतात आणि तिथे धरून ठेवतात. तेवढ्यात शाहिराला दम घेता येतो, श्रोत्यांचा अंदाज घेता येतो, पुढचे कडवे जुळवता येते. कीर्तनकाराच्या मागे उभे असलेले टाळकरी हेच काम करतात. बुवा बोलता बोलता थांबले की ध्रुपद पुन्हा त्यांच्याकडून उसळते आणि बुवा त्यावर पाय ठेवून पुढे जातात. टाळकरी काढून घेतले तर वारकरी कीर्तनाचे व्याख्यान होईल. जात्यावर समोरासमोर बसलेल्या दोघींपैकी एक ओवी सुरू करते आणि दुसरी तिच्यात मिसळते. गी पॉइटेव्हिन आणि हेमा राईरकर यांच्या प्रकल्पाने अशा लाखभर ओव्या जमवल्या, त्या खेड्यापाड्यांतून. ज्याला आपण मराठी गाणे म्हणतो त्याचा केवढा तरी भाग असा अनेकांच्या तोंडचा आहे.

मग वृंदगान ओळखायचे कशावरून? पूर्वपक्षाची कसोटी स्वरसंवादाची आहे : वेगवेगळे स्वर एकाच वेळी लागले पाहिजेत. मी दुसरी कसोटी सुचवतो. जे गाणे एका माणसाकडून पुरे होऊच शकत नाही, ते वृंदगान. त्यात आवाजांमध्ये कामाची वाटणी असली पाहिजे आणि ती वाटणी गाणाऱ्या प्रत्येकाला आधीपासून ठाऊक असली पाहिजे. स्वर वाटून घेता येतात, तशा ओळी वाटून घेता येतात, श्वास वाटून घेता येतो, रात्र वाटून घेता येते. युरोपने स्वरांची वाटणी अप्रतिम उंचीला नेली, हे मी आनंदाने कबूल करतो. पण एका प्रकारच्या वाटणीला सगळ्या वाटण्यांचे माप करणे हा तर्कदोष आहे.

शिवाय स्वरांची वाटणीसुद्धा लेखनातून आणि चर्चमधूनच येते, हेही खरे नाही. मध्य आफ्रिकेच्या जंगलात राहणारे आका लोक कागद न वापरता अत्यंत गुंतागुंतीचे बहुस्वरी गाणे गातात. जॉर्जियाच्या डोंगराळ खेड्यांतून जेवणाच्या पंक्तीत, शेतात, शोकाच्या वेळी तीन-तीन आवाजांत गायले जाते. युनेस्कोने जॉर्जियाच्या गाण्याला २००१ साली आणि आकांच्या गाण्याला २००३ साली मानवजातीचा ठेवा म्हणून मान्यता दिली. अमेरिकन संशोधक अॅलन लोमॅक्स यांनी १९६८ साली जगभरच्या लोकगीतांचा तौलनिक अभ्यास प्रसिद्ध केला. त्यात आवाज एकमेकांत किती मिसळतात, पुढे कोण असते, मागे कोण, हे त्यांनी गाण्याच्या सुरावटीइतकेच महत्त्वाचे मानले. त्यावरून समाजरचनेबद्दल त्यांनी काढलेले निष्कर्ष मला फार घाईचे वाटतात, पण प्रश्न विचारण्याची त्यांची दिशा बरोबर होती.

आता सातपुड्यात येऊ. अक्कलकुवा आणि अक्राणी हे डोंगरातले तालुके, तळोदा आणि शहादा पायथ्याचे, नंदुरबार मैदानातला आणि नवापूर गुजरातच्या कुशीतला. भिल्ल, पावरा, मावची, कोकणी अशा आदिवासी समाजांच्या इथे वेगवेगळ्या बोली आहेत. मैदानी भागात अहिराणी आहे, गुजर समाजाची बोली आहे. लग्न असो, होळी असो की भातलावणी, बायका ओळीत उभ्या राहतात किंवा बसतात आणि ओळीचे दोन भाग होतात. एक भाग गाण्याची ओळ म्हणतो, दुसरा ती उचलतो. कित्येकदा दुसरा भाग पहिल्याच्या शेवटच्या अक्षरातच शिरतो, त्यामुळे मध्ये पोकळी राहत नाही. नाचताना तर हात एकमेकींच्या कमरेत किंवा हातांत गुंफलेले असतात. पावलांचा ठेका चालू आहे, ओळ गोल सरकते आहे आणि गाणे तासन्‌तास तुटत नाही. एकटीने एवढा वेळ गायचे म्हटले तर छाती भरून येईल. अर्धी ओळ गाते तेव्हा उरलेली अर्धी श्वास घेते, ही या गाण्याची रचना आहे. ती कुणी लिहून ठेवलेली नाही, पण ती चुकली तर नाच थांबतो.

यातले सगळे आवाज अगदी एकसारखे नसतात. एखादी थोरली बाई चाल जरा खाली ठेवते, दुसरी शब्दाच्या टोकाला किंचित वर जाते, तिसरी एकाच स्वराला चिकटून राहते. चाल एक आणि तिची किंचित वेगळी रूपे एकाच वेळी, त्यामुळे आवाज रुंद होतो. समूहगानाच्या स्पर्धेतला परीक्षक याला बेसूर म्हणेल आणि गुण कापेल. ज्याला रंगांच्या छटा कळतात त्याने आवाजांच्या छटांना दोष म्हणावे, याचे मला दुःख होते.

लग्नात वराकडच्या आणि वधूकडच्या बायका समोरासमोर उभ्या राहतात, तेव्हा हे आणखी स्पष्ट होते. एका बाजूने टोमणा मारायचा, दुसऱ्या बाजूने त्याच चालीत परतवायचा. उत्तर तिथल्या तिथे रचावे लागते आणि ते सगळ्या ओळीला एकाच वेळी म्हणता आले पाहिजे. रचणारी एखादीच असते. ती पहिले दोन शब्द टाकते, शेजारणी अंदाज घेतात आणि ओळ पुरी होईपर्यंत सगळ्या तिच्यासोबत असतात. तयार संहिता वाचून गाणाऱ्या वृंदाला हे जमणार नाही. मैदानी खान्देशातही हाच स्वभाव दिसतो. आखाजीला झोक्यावरची गाणी, श्रावणात कानबाईची जागरणे, भाद्रपद-आश्विनात गुलाबाईपुढे मुलींचे महिनाभर चालणारे गाणे, यातले एकही एकटीचे नाही.

कोकणी समाजाच्या कथागायनाचा विचार तर स्वतंत्रपणे करायला हवा. नवापूरपासून डांगपर्यंत ही परंपरा आहे. काशाच्या थाळीवर मेणाने एक काडी उभी चिकटवतात आणि कथेकरी ती काडी बोटांनी वरून खाली ओढत राहतो. त्यातून सलग, घुमणारा एक स्वर निघतो. त्या स्वरावर रात्रभर देवाची, राजांची, रामाची कथा चालते आणि साथीदार तिला दुजोरा देत, शब्द उचलत पुढे नेतात. खाली न तुटणारा स्वर आणि वर आवाजांची देवघेव ही रचना मी वर्णन करून सांगितली आणि गावाचे नाव लपवले, तर पूर्वपक्षाचे अभ्यासक तिला निःसंशय वृंदगानात बसवतील.

इथे एक आक्षेप येतो. हे सगळे उत्स्फूर्त आहे, त्यात शिकवणे नाही, तालीम नाही, शिस्त नाही. मग त्याला कला कसे म्हणायचे? हा आक्षेप माहितीच्या अभावातून येतो. मुलगी ओळीच्या शेपटाला उभी राहू लागते तेव्हा ती लहान असते. ती आधी पावले शिकते, मग ओळीचा शेवट पकडायला शिकते, मग पूर्ण ओळ. वर्षानुवर्षांनी ती ओळीच्या मध्यावर किंवा टोकाला, सुरुवात करणारीच्या जागी येते. एवढी लांब तालीम आपल्या कोणत्या संगीत विद्यालयात होते? अक्कलकुवा तालुक्यातल्या काठी गावच्या होळीत बावा, बुध्या, मोरखी अशी सोंगे घेणारे पुरुष आधी काही दिवस व्रत पाळतात. खाटेवर झोपत नाहीत, ब्रह्मचर्य पाळतात. मग रात्रभर ढोलावर नाच होतो आणि होळी पहाटे पेटते. त्या होळीची छायाचित्रे दरवर्षी वर्तमानपत्रांत छापून येतात : मोरपिसांचे उंच टोप, कमरेचे दुधीभोपळे, अंगावर रंगवलेली नक्षी. रात्रभर तिथे काय ऐकू येते, याबद्दल मात्र बातमीत एक ओळ नसते.

आवाज गाळण्याची ही सवय जुनी आहे. ग्रिअर्सनच्या भाषा सर्वेक्षणात भिल्ल भाषांचा आणि खान्देशीचा खंड १९०७ साली निघाला. तो आजही मोलाचा आहे. पण त्यातला मुख्य नमुना म्हणजे बायबलमधल्या उधळ्या मुलाच्या गोष्टीचे त्या त्या बोलीतले भाषांतर. भाषा एका माणसाच्या तोंडून घ्यायची आणि कागदावर उतरवायची, ही पद्धत पुढे लोकगीतांच्या संग्राहकांनीही उचलली. साने गुरुजींच्या ‘स्त्री जीवन’सारख्या प्रेमाने केलेल्या संग्रहातसुद्धा ओव्या आहेत, पण कोण आधी म्हणते, कोण मागून येते, दोघी कुठे एकत्र होतात, ते पानावर आलेले नाही. छापील पान वाचणाऱ्याला प्रत्येक लोकगीत एका माणसाची कविता वाटते. वृंदगान नव्हते असे म्हणणाऱ्यांनी ते शोधले पुस्तकांत, आणि पुस्तकांत ते आधीच गाळले गेले होते.

ख्रिस्ती मिशनने तरी या जिल्ह्यात वृंदगान आणले ना, असे कुणी विचारील. नवापूर तालुक्यात मावची ख्रिस्ती मंडळ्या आहेत, चिंचपाड्याचे मिशन रुग्णालय १९४२ पासूनचे आहे. उपासनेत एकत्र गाणे हा त्यांच्या जीवनाचा गाभा आहे आणि त्याबद्दल मला आदर आहे. पण मराठी ख्रिस्ती गायनाचा सर्वांत मोठा कवी, रेव्हरंड नारायण वामन टिळक, यांनी कोणती वाट धरली? भाषांतरित गीतांवर मराठी मंडळी तग धरणार नाही हे त्यांनी ओळखले आणि अभंग, ओवी, भजन, कीर्तन ही रूपे चर्चमध्ये आणली. मिशनला इथे आल्यावर इथल्या सामूहिक गाण्याचा आधार घ्यावा लागला. देणे-घेणे दोन्ही बाजूंनी झाले, हे मान्य करायला कुणाला कमीपणा वाटू नये.

आता दुसरे विधान : आपल्याकडे एकत्र गाण्याने लोक घडले नाहीत. या विधानाला नंदुरबारचा इतिहासच उत्तर देतो. १९३८ च्या सुमारास तळोदा तालुक्यातल्या मोरवड येथे आपश्री गुलाम महाराज यांच्याभोवती आदिवासींची मोठी चळवळ उभी राहिली. दारू सोडायची, स्वच्छ राहायचे, एकमेकांना ‘आप’ म्हणायचे. सावकार आणि जमीनदार ज्यांना अरे-तुरे करीत, त्यांनी एकमेकांना आदराने हाक मारायला सुरुवात केली. या सगळ्याचे केंद्र होते सामुदायिक आरती. दूरदूरच्या पाड्यांतून हजारोंनी माणसे तिच्यासाठी पायी येत. गुलाम महाराज १९३८ मध्येच वारले, त्यांचे बंधू रामदास महाराज यांनी चळवळ पुढे नेली आणि इंग्रज सरकारने त्यांना तिथून हद्दपार केले. नुसत्या आरतीची सरकारला भीती वाटत नाही. हजारो गळे एका शब्दावर एकत्र येतात तेव्हा त्या माणसांना आपण किती आहोत हे पहिल्यांदा कळते, आणि ते सरकारलाही कळते.

शहाद्यात १९७२ साली श्रमिक संघटना उभी राहिली, तिच्या आधी अंबरसिंग सुरतवंती होते. लोक त्यांना महाराज म्हणत. भजने गाणारा माणूस म्हणून ते गावोगाव ओळखीचे होते. सालदारांचे हक्क, बळकावलेल्या जमिनी, बायकांची अब्रू हे विषय ज्या बैठकांत आले त्यांची सुरुवात गाण्याने होत असे. पुढे बायका गावोगाव फिरून दारूची मडकी फोडू लागल्या, तेव्हा त्या गात निघत. लग्नातल्या ओळीत सवाल-जवाब करून तयार झालेल्या बायका मोर्च्यात गप्प राहतील कशा? नर्मदेच्या काठावर मणिबेलीत आणि नंतर डोमखेडीत धरणाचे पाणी चढत असताना जी गाणी झाली, तीही अशीच, एकाने उचलायची आणि सगळ्यांनी भरायची. धरणविरोधी आंदोलनाच्या जीवनशाळांतल्या मुलांनी ती स्वतःच्या बोलीत म्हटली. धरण थांबले नाही, हे खरे आहे. पण एका पुढाऱ्याभोवती गोळा झालेला समाज म्हणून या लोकांची गणना करणे म्हणजे त्यांचा आवाज न ऐकता त्यांच्याबद्दल बोलणे आहे.

वृंदगानाने घडलेला देश म्हणून ज्याचे उदाहरण नेहमी दिले जाते, तो एस्टोनिया. तिथल्या तार्तू गावी १८६९ साली पहिला गानोत्सव भरला. १९८८ साली लाखो लोक मैदानांत एकत्र गाऊ लागले आणि १९९१ साली देश सोव्हिएत सत्तेतून मुक्त झाला. हे उदाहरण पूर्वपक्षाचे हुकमी अस्त्र आहे, म्हणून त्याचे पोट उघडून पाहावे. पहिल्या उत्सवात जर्मन धर्तीचे पुरुषवृंद होते, आणि एस्टोनियन संगीतकाराची गाणी होती अवघी दोन. मात्र त्या देशातल्या शेतकरी बायकांकडे त्याआधी शेकडो वर्षे स्वतःचे सामूहिक गाणे होते : एक बाई ओळ म्हणते, बाकीच्या तिची शेवटची अक्षरे पकडून ओळ पुन्हा म्हणतात. सुशिक्षितांना ते रांगडे आणि कंटाळवाणे वाटे. वेल्यो तोर्मिस या संगीतकाराने विसाव्या शतकाच्या उत्तरार्धात त्या जुन्या गाण्याला वृंदाच्या मध्यभागी आणले आणि एस्टोनियाच्या वृंदगानाला त्याचा खरा चेहरा मिळाला. जर्मनांकडून घेतलेले आणि आजीकडून आलेले, दोन्ही मिळून ते राष्ट्र गाऊ लागले. आपण त्यांच्याकडून शिकायचे तर हे शिकावे. सातपुड्यातल्या बायका जे करतात, तेच करणाऱ्या एस्टोनियन बायकांना जगाने आता वंदन केले आहे.

आपल्याकडे काय चालले आहे? आश्रमशाळेत मुले परिपाठाला ओळीत उभी राहतात, तेव्हा त्यांना बहुतेक वेळा शहरात बसवलेली चाल आणि प्रमाण मराठीतले शब्द दिले जातात. स्पर्धेत पेटी हवी, तबला हवा, काही मिनिटांची मर्यादा हवी, सगळ्यांचे आवाज एकसारखे हवेत. घरी अर्ध्या ओळीने उत्तर देणारी मुलगी इथे सगळ्यांसारखे तोंड हलवायला शिकते. लग्नात आता ध्वनिवर्धकाच्या भिंती आल्या आहेत. त्यावर वाजणाऱ्या आदिवासी बोलीतल्या गाण्यांबद्दल मला राग नाही, त्या पोरांनी स्वतःच्या भाषेला नवे ऐकणारे मिळवून दिले आहेत. पण त्यात एक गायक असतो आणि बाकीचे नाचतात. ध्वनिक्षेपक एकच असला की तो एका गळ्यासमोर धरला जातो आणि ओळीतल्या बाकीच्या बायका ‘साथ’ होऊन बसतात. आदिवासी कवी वाहरू सोनवणे यांची ‘स्टेज’ ही कविता ज्यांनी वाचली आहे, त्यांना आदिवासींच्या बाबतीत मंच काय करतो हे वेगळे सांगायला नको.

समूहगान स्पर्धा बंद करा असे मी म्हणत नाही. वसंत देसाईंनी जे स्वप्न पाहिले ते मोठे होते आणि चार भागांत गाणारा उत्तम मराठी वृंद ऐकायला मी कितीही लांब जाईन. माझे म्हणणे नियमांबद्दल आहे. नंदुरबार जिल्ह्यातल्या शालेय स्पर्धेत दोन ओळींचे गाणे चालले पाहिजे, पेटीशिवाय चालले पाहिजे, पावरी, मावची, भिल्ली, कोकणी, अहिराणी, ज्या बोलीत ते आहे त्या बोलीत चालले पाहिजे. परीक्षकांत गावची एक गाणारी बाई बसली पाहिजे, आणि ‘आवाजांचा एकसारखेपणा’ या रकान्याऐवजी ‘ओळ कोणी कशी उचलली’ हे पाहिले पाहिजे. ध्वनिमुद्रण करताना निदान दोन ध्वनिक्षेपक दोन ओळींसमोर ठेवावेत. छापताना शब्दांच्या शेजारी कोणती ओळ कुणाची, एवढी खूण करावी.

यावर शेवटची शंका अशी निघते की शाळेत आणल्याने हे गाणे बिघडेल, त्याचे प्रदर्शन होईल. बिघडण्याचा धोका खराच आहे. पण आज मूल सहा-सात वर्षांचे झाले की वर्षातले बहुतेक महिने आश्रमशाळेच्या वसतिगृहात राहते. होळीला आणि लग्नसराईत घरी येते, तेवढ्यात परत जाते. ओळीच्या शेपटाला उभे राहून शिकण्याची वर्षे त्याची शाळेतच जातात. त्यामुळे शाळेच्या पटांगणात ती ओळ उभी राहिली नाही, तर ती दुसरीकडे कुठे उभी राहणार आहे, याचे उत्तर शंका घेणाऱ्यांनी द्यावे.